केतकी छाप

किसनरावांचा हिशेब सरळ होता. एक पंप विकला की एका शिवारात त्यांच्या लेकीचे नाव जाणार, शंभर विकले की शंभर शिवारांत. पंप असतो पाठीवर, त्यामुळे मागून चालणाऱ्याला ते नाव वाचावेच लागणार. ज्याला वाचता येत नाही त्याला कोणीतरी वाचून दाखवणार. उमरखेडच्या बाजारात ज्याला सगळे नुसते 'पंपवाला' म्हणत, त्या माणसाला एवढा नफा पुष्कळ वाटत होता.

मित्रांनो, त्याच नफ्यातला मी एक नग. मी एक जुना फवारणी पंप आहे. माझी टाकी बाहेरगावाहून आली. दांडा, पट्टे, नळी आणि नोझल किसनरावांनी आपल्या हाताने बसवले. सगळ्यात शेवटी माझ्या पाठीवर लाल रंगाची ठसठशीत अक्षरे उमटली: केतकी.

खरी केतकी तेव्हा नववीत होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, माझं नाव कायले? आईचं लिवा ना."

"तुह्या आईचं नाव पुऱ्या तालुक्याले माहीत आहे," किसनराव म्हणाले, "मले धाकात ठेवते म्हणून."

आतून भांडे आपटल्याचा आवाज आला. केतकी हसली, आणि अक्षरे वाळायला मला उन्हात ठेवले गेले. मला फार अभिमान वाटला. नाव मिळाले की वस्तूला आपण कोणीतरी झालो असे वाटते. हे माणसांकडूनच मी शिकलो.

मला विकत घेतले महागावकडच्या धर्मपालने. त्याचे शेत कपाशीचे, आणि विहीर शेताच्या एका टोकाला. त्याची बायको नंदाबाई बादलीने पाणी आणी आणि माझ्या तोंडातून टाकीत ओती. माझ्या तोंडाशी जाळीची एक खोलगट गाळणी होती. पाण्यातले शेवाळ, औषधातल्या गुठळ्या, काडीकचरा अडवायचे तिचे काम. पण गाळणीतून पाणी सावकाश उतरते, आणि डोक्यावर ऊन असले की सावकाश हा शब्दच माणसाला सहन होत नाही.

"हे काहून बसवलं मधातच?" पहिल्याच दिवशी, मी अजून कोरा असताना, नंदाबाईने विचारले.

"कंपनीवाल्याले काय, त्याले कुठं बादली उचला लागते?" धर्मपाल म्हणाला. त्याने गाळणी उपसून बांधावर ठेवली. संध्याकाळी ती नंदाबाईबरोबर घरी गेली. मग बादली धबकन रिकामी होऊ लागली. दोघेही खूश. मला मात्र त्या क्षणी घसा उघडा पडल्यासारखे वाटले, पण पंपाचे ऐकतो कोण!

दुसऱ्या वर्षी कपाशीवर बोंडअळी तुटून पडली. त्या हंगामाचे दुःख मी सांगत बसत नाही, मोठ्यांना ते पाठ आहे. चार-चार दिवसांनी फवारणी. एका औषधाने भागेना म्हणून त्यात दुसरे, वर घरचा निंबोळीचा अर्क, तोही घाईने ढवळलेला. हे सगळे माझ्या पोटात जाई आणि नोझलच्या सुईएवढ्या भोकाशी येऊन अडे.

एके सकाळी धर्मपाल दांडा खालीवर करून घामाघूम झाला. नळीतून थेंब नाही. शेजारच्या वावरातून गोपालने हाक दिली, "काय झालं गा?"

धर्मपालने वैतागून मान वळवली. पाठीवरचे नाव त्याला पाठच होते. "काय होते? केतकी झाली!"

गोपाल पोट धरून हसला. आणि मित्रांनो, शब्द निघाला.

महिन्याभरात तो माझ्याही पुढे गेला. कोणत्याही कंपनीचा पंप तुंबला की तो 'केतकी झाला'. मग पंपाचीही गरज उरली नाही. महागावच्या स्टँडवर एसटी सुरू होईना, तर एसटी केतकी झाली. सभेत पुढारी तासभर बोलून काहीच देऊन गेला नाही, तर "लय केतकी मारली राजेहो!" हात हलतो आहे, आवाज येतो आहे, बाहेर काही पडत नाही, अशा प्रत्येक गोष्टीला आता नाव मिळाले होते. अशी काही नावे भाग्यवान असतात. बापासारखा दिसणारा पोरगा बापाची झेरॉक्स, खुर्चीवरून न उठणारा पाहुणा फेव्हिकॉल. कंपन्या कुठल्या कुठे, पण नावे लोकांच्या ओसरीवर. फरक एवढाच, की झेरॉक्स नावाची मुलगी कोणाच्या वर्गात बसत नाही.

केतकी बसत होती.

मी तेव्हा दुरुस्तीसाठी किसनरावांच्या दुकानात पडलो होतो. माझ्यासारखे आणखी तीसएक होते. केतकी अकरावीचा वर्ग सोडून भरदुपारी तिथे आली. पिशवी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, पंपावरून माझं नाव काढा."

"काहून? काय झालं?"

"सरांचा पेन चालत नव्हता. मागच्या बाकावरून आवाज आला, पेन केतकी झाला. सरसुद्धा हसले. मग त्यांना आठवलं, मी समोरच बसली आहे."

किसनरावांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "लोकं नावावरून माल ओळखतात, बाई. नाव पुसलं तं समजतील, पंपवाल्यानं चूक कबूल केली."

"मग चूक तुमची आहे का, ते तरी पाहू द्या."

तिने मलाच पहिला ओढला. झाकण फिरवले, आत पाहिले. दुसरा पंप उघडला, तिसरा उघडला. सगळे उघडून झाल्यावर ती तळव्यांवरचा काळा चिकटा पुसत म्हणाली, "बाबा, दोन सोडले तर एकातही गाळणी नाही. सगळ्यांच्या गाळण्या गेल्या कुठं?"

दुसऱ्या दिवशी बापलेक मला लुनावर बांधून धर्मपालच्या घरी आले. नंदाबाईने पाणी दिले, बसायला सतरंजी टाकली. केतकी हात धुवायला न्हाणीकडे गेली आणि तिथेच थांबली. धुण्याच्या दगडाशेजारी, खिळ्याला टांगलेली, माझी गाळणी होती. तिच्यात अंगाचा साबण ठेवला होता.

"काकू, हे काय?"

"साबण ठेवाले बरी आहे न ते," नंदाबाई कौतुकाने म्हणाली. "पानी निथरून जाते, साबण गळत नाही. पुऱ्या गावात असंच करतेत. गोपालभाऊच्या घरी तं दोन आहेत."

किसनरावांनी डोक्याला हात लावला. केतकी मात्र खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण किसनराव तिच्याकडे पाहतच राहिले.

"काकू, ही कोरी होती म्हणून ठीक. एकदा औषधात बुडली असती, तर साबणाबरोबर ते औषधही तुम्ही तोंडाला लावलं असतं."

नंदाबाईने पटकन गालाला हात लावला.

केतकीने भांडण केले नाही, भाषण दिले नाही. तिने बापाला बाजारातून साबण ठेवायच्या दोनशे प्लास्टिकच्या साध्या डब्या आणायला लावल्या, आणि सुटीच्या दिवशी लुनावरून गावोगाव फिरली. डबी घ्या, गाळणी द्या. दुकानात नेऊन ती प्रत्येक गाळणी घासे, परत आणून पंपात बसवे आणि घरच्या बाईला म्हणे, "पाणी हळू उतरलं तर उतरू द्या. पंप तुंबून वावरातला अर्धा दिवस वाया जाण्यापेक्षा ते बरं." पुरुषांपेक्षा बायांना ते लवकर समजले, कारण पंप तुंबल्यावरची बोलणी त्यांनाच खावी लागत.

त्या हंगामात मी दिवस दिवस चाललो. माझ्या नळीतून असे बारीक धुके पडे की धर्मपाल स्वतःच मागे वळून पाही. पोळ्याला केतकी गावात आली तेव्हा नंदाबाईने तिचे दोन्ही हात धरले. "पोरी, तुह्यानं वावर वाचलं. आता पंप कधीच केतकी होत नाही!"

बोलल्यावर नंदाबाईने जीभ चावली. केतकी म्हणाली, "असू द्या, काकू." पण परत जाताना ती लुनावर बापाच्या मागे बसली होती, आणि वळणापर्यंत तिने मागे पाहिले नाही.

तुंबलेले नोझल तिने मोकळे केले. सुटलेला शब्द कशात अडवणार?

पुढे तिचे लग्न पुसदला ठरले. धर्मपाल आणि नंदाबाई लग्नाला जाऊन आले, आणि मी गोठ्यात टांगलेला असताना नंदाबाई शेजारणीला सांगत होती. नवऱ्या मुलाच्या आईने भीत भीत विचारले म्हणे, आमच्यात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहितात, पण आजकालच्या मुलींना चालत नाही, तर जुनेच ठेवू. केतकीने वाक्य पुरे होऊ दिले नाही. "लिहा," म्हणाली. ताटात 'निकिता' लिहिले गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किसनराव पाहुण्यांना पाणी विचारायच्या निमित्ताने मांडवाबाहेर गेले.

नंतर धर्मपालने नवा पंप घेतला आणि मला किसनरावांकडे देऊन टाकले. आता मी त्यांच्या दुकानात भिंतीला टांगलेला असतो. केतकी छाप पंप बनणे केव्हाच बंद झाले, दुरुस्ती तेवढी चालते. माझी लाल अक्षरे उडत चालली आहेत. बरे वाटते का वाईट, ते मला ठरवता येत नाही.

यंदा दिवाळीला लेक माहेरी आली होती. दुकानात बसून बापासाठी आणलेला चहा ओतत होती. एवढ्यात एक तरुण शेतकरी भलत्याच कंपनीचा पंप घेऊन आला. "किसनभाऊ, पाहा बरं. पंप केतकी झाला."

किसनराव दचकले. "बंद पडला म्हन," ते रागाने म्हणाले. "बंद पडला!"

"म्हणू द्या, बाबा," लेक कप पुढे करत सहज म्हणाली. "ते आता माझं नाव नाही."

किसनरावांनी कप घेतला. "तू घे ना चहा, केत..." म्हणाले आणि थांबले. मग सावकाश, नवखा माणूस बोलतो तसे, म्हणाले, "निकिता."

मित्रांनो, पंप वापरलात तर गाळणी जागेवर ठेवा, काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने मला धुवा, आणि तुंबलो तर आधी माझ्या तोंडात पाहा, मग मला नाव ठेवा. एवढेच माझे मागणे. बाकी हिशेब मिटला आहे. धर्मपालला कपाशी मिळाली, नंदाबाईला साबणाची डबी. साऱ्या तालुक्याला एक चपखल शब्द मिळाला, तोही फुकट. किसनरावांना हवे होते ते नाव घरोघर गेले. फक्त एका घरात ते आता घेता येत नाही, आणि ते घर त्यांचे आहे.