डोमा शेंडेचे दोन तारे

माझं काम खोटं बोलायचं आहे आणि मी ते मन लावून करते. चंद्रपुरात एका मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक लांब खोली. तिथे आम्ही सहा जणी बसतो आणि प्रत्येकीसमोर लाकडी मांडणीत चोवीस फोन उभे केलेले असतात. प्रत्येक फोनमध्ये एक माणूस असतो. त्याला नाव असतं, फोटो असतो आणि त्याला कुठला तरी गेम फार आवडलेला असतो. हा आवडलेला गेम कोणता ते कंपन्या ठरवतात आणि आम्ही लिहितो.

लिहिण्याचे नियम आहेत. दहातल्या सात जणांनी पाच तारे द्यायचे. दोघांनी चार द्यायचे आणि जाहिराती जास्त आहेत म्हणून कुरकुर करायची, कारण ही कुरकुर खरी वाटते आणि कोणाला लागत नाही. उरलेल्या एकाने तीन द्यायचे आणि माझा फोन जुना आहे असं कबूल करायचं. मधूनमधून शुद्धलेखनाच्या चुका ठेवायच्या. फार शुद्ध लिहिणारा माणूस लोकांना पटत नाही.

गेम आम्ही खेळत नाही. हे ऐकून माझ्या खोलीवरच्या मुली तोंडावर हात ठेवतात. पण गेम फुकट घ्यायचा, अर्धा तास खेळायचा आणि कॅमेऱ्यासमोर बसून दहापैकी नऊ गुण द्यायचे, असं करणारे मोठे लोकही आहेतच. त्यांच्यात आणि आमच्यात मला एकच फरक दिसतो. त्यांचं तोंड दिसतं, आमचं दिसत नाही.

मागच्या पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी माझा बा साप चावून गेला. आमचं गाव मूल शहराच्या पुढे आहे, आम्ही ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारे. बा सांजवेळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाळत घातलेलं जाळं आणायला गेला आणि तिथेच पडला. मी पोचले तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. सगळ्या माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मी नुसती उभी राहिले. एक मावशी म्हणाली, शिकलेल्या पोरीचं काळीज दगडाचं होते. दगडाचं असतं तर बरं झालं असतं, आमच्याकडचा दगड निदान उन्हाने तापतो. मला काहीच होत नव्हतं. तेरवी झाली, दुसऱ्या दिवशी बस धरली आणि कामावर आले. ऑफिसात 'घरी काम होतं' एवढंच सांगितलं.

त्या दिवशी लोकेश माझ्या टेबलाशी आला. लोकेश आमचा टीम लीडर, भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेला, स्वभावाने वाईट नाही. जुनी खाती खोटी म्हणून पकडली गेली होती, नवी उघडायची होती. माझ्याकडची नावं संपत आली होती. मंगरू, सीता, देवराव, लालसू, सगळ्यांना मी आधीच गेम आवडवून टाकले होते. सतराव्या फोनवर बोटांनी आपोआप डोमा शेंडे असं लिहिलं. ते माझ्या बाचं नाव. फोटो म्हणून मी आमच्या तलावाचा लावला.

पहिलाच गेम मासे पकडायचा निघाला. 'तळ्याचा राजा' त्याचं नाव. मी 'छान गेम, खूप मजा आली' असं टाइप केलं आणि थांबले. बाने उभ्या जन्मात कशाला छान म्हटलं नव्हतं. मायच्या हातचं जेवून उठताना तो फक्त 'पोट भरलं' म्हणायचा, आणि ज्या दिवशी म्हणायचा त्या दिवशी माय भांडी घासताना गुणगुणायची. अशा माणसाच्या नावावर 'खूप मजा' लिहायला माझा हात धजेना. मग जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवला आणि नोकरीत पहिल्यांदा गेम खेळून पाहिला. खेळून झाल्यावर लिहिलं:

"एका मिनटात अकरा मासे लागले. असा तलाव मले दाखवा, मी बिऱ्हाड घेऊन तिथी राहाले येतो. मासा लागत नाई म्हनून तर मानूस दुसऱ्या दिवशी परत जाते. इथी रिकाम्या हातानं घरी येताच येत नाई. बिनकामाचं आहे."

दोन तारे.

लोकेशने वाचलं, डोकं खाजवलं आणि ते राहू दिलं. म्हणाला, "राहू दे. एखादा असा कडू असला का बाकीचे खरे वाटते." तेव्हापासून आठवड्याला एक गेम डोमाच्या वाट्याला येऊ लागला. तेवढा एक मी खेळायची.

एका मोठ्या लढाईच्या गेममधल्या पाण्याचं सगळ्या जगाने कौतुक केलं होतं. त्याखाली डोमाने लिहिलं, "पानी खऱ्यावानी काढलं, मानलं. पन त्यात उतरू देत नाई, भिंतीवानी अडवते. मंग काढलं कायले?" तीन रंग जुळवायच्या गेमला त्याने एकच तारा दिला. "दर मिनटाले वाहवा म्हनते. माह्या बापानं मले जन्मात वाहवा नाई म्हटलं. इतकी वाहवा पचत नाई." आणि एकदा तर तो आमच्यावरच घसरला. "बाकीचे सारे पाच पाच तारे देऊन राह्यले. लग्नात फुकट जेवलेला मानूस भाजीले नाव ठेवते का कधी?" हेही मी सरळ पाठवून दिलं. लोकेशच्या लक्षात आलं नाही.

मायला मी दर रविवारी सकाळी फोन करते. बा गेल्यावर आमच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. जेवली का, जेवली. ऊन कसं आहे, आहे. मग फोन नुसता चालू. एका रविवारी न राहवून मी तिला मासेवाला रिव्ह्यू वाचून दाखवला. आधीच सांगितलं की हे मीच लिहिलंय, फक्त बाच्या नावाने टाकलंय. ती ऐकत राहिली आणि 'बिऱ्हाड घेऊन'ला हसली. बा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली. मलाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी फक्त ऐकलं.

पुढच्या रविवारपासून ती 'जेवली का'च्याही आधी विचारू लागली, "तुया बा काय म्हने या हप्त्यात?"

तिला वाचता येत नाही, पण तिच्यासारखी कडक परीक्षक आमच्या धंद्यात नसेल. गेम म्हणजे काय हे तिला धड माहीत नव्हतं आणि त्याचं तिला काही पडलंही नव्हतं. तिला फक्त माणूस बरोबर हवा होता. "तो भंगार नाई म्हनत होता, बिनकामाचं म्हने." "खूप काढून टाक, त्याच्या तोंडात खूप नव्हतं." एकदा मी दोन ओळींत तीन तक्रारी लिहिल्या, तर म्हणाली, "तो एकच गोष्ट बोले आन मंग बिडी पेटवे." मी सोमवारी जाऊन दोन तक्रारी खोडल्या. असे पाच महिने गेले. आठवड्यातले सहा दिवस मी कोणीच नव्हते आणि रविवारी अर्धा तास आम्ही तिघं बोलायचो.

आम्ही दोघीच वाचत होतो असंही नाही. 'तळ्याचा राजा'खालचा डोमाचा रिव्ह्यू हजारो लोकांना उपयोगी वाटला होता. 'उपयोगी' असं तिथे एक बटण असतं, लोक ते जितकं दाबतात तितका रिव्ह्यू वर चढतो. डोमा सगळ्यांच्या वर जाऊन बसला. लोक त्याला खाली उत्तरं लिहायचे. बरोबर बोलला भाऊ. असे खरं सांगणारे राहिले कुठे.

मागच्या मंगळवारी लोकेश खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.

"तळ्याच्या राजाचा दुसरा भाग येऊन राह्यला. कंपनीवाल्यानं तुया डोमाचंच नाव घेतलं. म्हनते, दुसरा कोनी नको, हाच मानूस पाहिजे. यानंच म्हनलं पाहिजे का मी चुकलो, आता पाच तारे."

"तो नाई म्हननार," मी म्हणाले.

"कोन?"

"डोमा."

लोकेश हसला. "अवो रिंकू, तो आहे कुठी? आपनच बनवला त्याले."

तिथे मी सांगू शकले असते. सांगितलं असतं तर त्याने ऐकलंही असतं. पण माझा बा मेला, हे वाक्य मी तोवर एकदाही कोणापुढे उच्चारलं नव्हतं. ते घशाशी आलंच नाही. मी 'बरं' म्हणाले.

मजकूर कंपनीने पाठवला होता. मला धीर एवढाच होता की डोमा आजवर जे बोलला ते तरी खरं होतं. माझ्या चोवीस माणसांतला तो एक खरा होता, आणि आता त्याच्याही तोंडात दुसऱ्याचे शब्द घालायचे होते. मी नवा गेम खेळून पाहिला. आता मिनिटाला तेरा मासे लागत होते. बाने तो एका ताऱ्यावर आणला असता आणि बिडी पेटवली असती. मग कंपनीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, पाच तारे दाबले आणि पाठवलं. आता काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहिली. राग तरी येईल, लाज तरी वाटेल. काही वाटलं नाही. चहा आला, तो प्यायले. संध्याकाळपर्यंत खाली लोकांनी लिहिलं, हाही विकला गेला. त्याचंही काही वाटलं नाही.

रविवारी फोन करू नये असं मनात आलं होतं. पण पोटासाठी खोटं बोलणं वेगळं. मायपुढे मी खोटं बोलले नव्हते आणि ते सुरू करायचं नव्हतं.

"तुया बा काय म्हने या हप्त्यात?"

मी वाचलं. "मागच्या वेळी मी घाईत बोललो. मी चुकलो. तुमचं बरोबर होतं. या वेळी मन भरून आलं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"किती तारे?" तिने शेवटी विचारलं.

"पाच."

"तो असा नाई बोलत."

"हो माय."

"मन भरून आलं! त्याच्या बापानंबी नाई म्हटलं असं कधी."

"कंपनीवाल्यानं लिहून देल्लं. म्या फक्त टाकलं. मले नाई म्हनता नाई आलं."

"समजलं मले."

मला वाटलं, आता ती म्हणेल की बंद कर हे, पुसून टाक त्याचं नाव. मी त्याची तयारी केली होती. म्हणाली असती तर मी सोमवारी जाऊन ते खातं पुसलं असतं आणि सतरावा फोन दुसऱ्या कोणाला दिला असता.

"त्या सांजी म्या म्हटलं होतं, बॅटरी घेऊन जा," ती म्हणाली. "म्हटलं, पाळीवर गवत वाढलं, काई दिसत नाई. तर माह्यावर वसकला. मले तलाव शिकवतं का, म्हने. आन तसाच गेला."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"काऊन नाई सांगितलं मले?"

"काय सांगू? मेलेल्या मानसाची चुकी काढून राह्यली म्हनतीन लोकं. तवापासून मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडूनच राह्यली, रिंके. सयपाक करताना भांडते, निजताना भांडते. तो काईच बोलत नाई."

मी फोन कानाला घट्ट धरून ठेवला.

"मन भरून आलं, ते नको वाचू," माय म्हणाली. "त्याच्या पहिलेचं वाच. परत एकडाव."

"माय, ते खोटं आहे."

"खोटं आहे, मले मालूम आहे. वाच तू."

मी वाचलं. "मागच्या वेळी मी घाईत बोललो. मी चुकलो. तुमचं बरोबर होतं."

"तुमचं नाई म्हनत तो मले," ती म्हणाली. "तुयं म्हन. आन नाव घे माह्यं."

मी पुन्हा सुरुवात केली. घाईत बोललो, इथपर्यंत आवाज नीट होता. "मी चुकलो, गिरजे," मी म्हणाले, आणि पुढचं 'तुयं बरोबर होतं' मला रडता रडता म्हणावं लागलं. माय तिकडून हुंकार देत होती, माणूस समोर बसून बोलत असला की देतात तसा.