माईने ठेवलेला नारळ

शंकर गेला आणि गावाला तोंड चालवायला विषय मिळाला. दशावतारी मंडळातला तो स्त्रीपार्टी. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही जत्रेत त्याचं नाव पुकारलं की माणसं जागा धरायला धावत. लुगडं नेसून तो उभा राहिला की बायका नेसण्याची तऱ्हा त्याच्याकडे बघून शिकत. मालवणच्या बाजारात एका पानवाल्याने तर त्याचा फोटो देवांच्या रांगेत लावला होता. असा ऐन पंचविशीतला माणूस जत्रांच्या हंगामात एका सकाळी घरी येतो, तोंडावरचा रंगही नीट न पुसता आडवा होतो आणि पुन्हा उठतच नाही, हे कुणाच्या पचनी पडेना.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, यात डॉक्टरने नवीन काय सांगितलं, असं म्हणून लोकांनी त्यांना बाजूला सारलं. चिरफाड नको म्हणून जाणत्यांनी हातापाया पडून प्रेत सोडवून आणलं होतं, आणि आता तेच जाणते चिरफाड झाली असती तर कळलं असतं म्हणत होते. कोणी म्हणे दुसऱ्या मंडळाने करणी केली. कोणी म्हणे फोंडाघाटच्या एका व्यापाऱ्याची मुलगी त्याच्यापायी खुळी झाली होती, तिच्या भावांनी काटा काढला. घाटावरच्या एका पेपरने ‘तरुण कलावंताचा गूढ मृत्यू’ असा मथळा दिला. आत गूढ काही नव्हतं, जुना फोटो होता.

शेवटी सगळ्यांची गाडी येऊन थांबली ती सत्यवतीच्या दारात. सत्यवती शंकरच्या शेजारची, नवरा बोटीवर गेलेला तो परत न आलेला, मूलबाळ नाही. त्या सकाळी एस्टीतून उतरून घरी येताना शंकर तिच्या ओट्यावर टेकला होता आणि तिने दिलेली भाकरी-आमटी खाल्ली होती. एवढं पुरे झालं. एकट्या बाईवर आळ घ्यायला आपल्याकडे पुरावा लागतो कुठे? तिच्या विहिरीवर येणाऱ्या बायका दुसऱ्या विहिरीवर जाऊ लागल्या. दूध घालणाऱ्या गड्यालाही तिच्या घरचा रस्ता अचानक लांब पडू लागला.

शंकरची धाकटी बहीण कावेरी हे सगळं ऐकत होती आणि तिच्या तोंडाला कुलूप होतं. शंकर कशाने गेला हे साऱ्या मुलखात तिला एकटीला ठाऊक होतं.

शंकरच्या रंगपेटीत, हळद-कुंकवाच्या डब्यांखाली, गोळ्यांची दोन पाकिटं असत. रोज नवं गाव, रोज सूर्य उगवेपर्यंत उभं राहायचं, दिवसा एस्टीत धक्के खायचे. झोप कधी येई, कधी येत नसे. मग घाटावरच्या एका डॉक्टरने त्याला लिहून दिलं, एक गोळी जागं राहायची, एक झोपायची. सुरुवातीला तो अधूनमधून घेई, मग त्याशिवाय त्याचं चालेना. हात थरथरत, जेवण जाईना. हे फक्त कावेरीला माहीत होतं, कारण पेटी भरायची ती. रंगमंचावर रूपाने झळकणारी ती राणी गोळ्यांवर उभी आहे, हे मंडळात कळलं तर काय राहील, असं त्याने तिला बजावून ठेवलं होतं.

त्या सकाळी माई, म्हणजे त्यांची आई, बाजाराला गेली होती. शंकरचे डोळे तारवटलेले. अंथरुणावर पडून तो म्हणाला, “कावे, गोळी दी.” तिने पाण्याबरोबर झोपेची गोळी दिली. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. तिने पुन्हा दिली. त्यानंतर पुन्हा. एस्टीत त्याने स्वतः किती घेतल्या होत्या ते तिने विचारलं नाही, आणि त्यालाही ते सांगण्याची शुद्ध नव्हती. काढ्याने ताप उतरला नाही तर दुसरी वाटी द्यायची, तिने उतरला नाही तर तिसरी, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गोळीही तिने काढ्यासारखीच दिली. भावाचा श्वास जड झाला तेव्हा तिला बरंच वाटलं, एकदाचा झोपला म्हणून. मग ती धुणं धुवायला गेली. प्रेत दारात असतानाच तिने दोन्ही पाकिटं चुलीत घातली.

तेव्हापासून दुपार झाली की तिला माजघरातून हाक ऐकू येई. भर उन्हात, कावळेसुद्धा गप्प असताना. “कावे.” ती जाऊन बघे तर गुंडाळलेली चटई तेवढी असे. भीती वाटायची असं नव्हे. तो अजून झोपला नाही, आणि आपण उठून काही देऊ शकत नाही, याने तिचा जीव तुटे.

अशात एका संध्याकाळी माई म्हणाली की ती ग्रामदेव रवळनाथाला नारळ ठेवणार. आपल्याकडे पोलिसात जाणारा माणूस एकवेळ माघार घेतो, देवापुढे नारळ ठेवणाऱ्याला ती घेता येत नाही. अन्याय झालेल्याने नारळ ठेवायचा, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्याने वाईट केलं त्याचं वाटोळं देवाने करायचं. त्यात नाव घ्यावं लागत नाही. नाव देवाला ठाऊक असतं. एकदा ठेवलेला नारळ कोणी उचलायचा नाही, ठेवणाऱ्यानेसुद्धा नाही.

कावेरीने आडून आडून माईला समजावलं. माई ऐकेना. आपल्याच परसातल्या माडाचा नारळ तिने काढून घेतला आणि सोलायला कावेरीच्याच हातात दिला.

सोमवारी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. धोंडू गुरव पुढे उभा होता. माईने नारळ पाषाणापुढे ठेवला. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि सत्यवती आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती सरळ देवासमोर जाऊन उभी राहिली.

“तेना माज्याकडे भाकरी खाल्ल्यान, ता खरा,” ती माईला म्हणाली. “घाल गाऱ्हाणा. मी हयसरच उभी आसंय.”

धोंडूने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या माऊलीचो झील भर जवानीत गेलो.” लोक म्हणाले, “होय म्हाराजा.” सत्यवतीचा आवाज त्यात सगळ्यांत स्पष्ट होता. धोंडू पुढे म्हणाला, “जेणी कोणी तेच्या पोटात काय घातला आसात, तेका तू वळखतंस.” “होय म्हाराजा.” धोंडूने आवाज चढवला. “तेच्या घरात दिवो लावक माणूस रवाक देऊ नको.”

“म्हणा नकात!” कावेरी ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. “माई, मी घातलंय तेच्या पोटात. झोपेच्यो गोळ्यो. तो मागी तशी मी दिलंय.”

पुढे तिने सगळं सांगितलं, रंगपेटी, घाटावरचा डॉक्टर, चुलीत घातलेली पाकिटं. लोक ऐकत होते आणि एकमेकांकडे बघत होते. इतके दिवस सत्य हवं म्हणणाऱ्यांना ते मिळाल्यावर कुठे ठेवावं कळेना. आईने आपल्याच लेकीच्या वाटोळ्यासाठी देव जागवला, हे मात्र लहान पोरालाही कळलं होतं.

माई नारळाकडे बघत होती. तिने हात पुढे केला तशी धोंडू हळूच म्हणाला की तो आता उचलता यायचा नाही. माईने हात मागे घेतला. मग तीच देवाकडे तोंड करून उभी राहिली. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, पण तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

“बा देवा म्हाराजा,” ती म्हणाली, “जेच्या हातान माज्या झिलाक शेवटचा पाणी दिल्यान, तेका सांभाळ. तेच्या घरातलो दिवो इजाक देऊ नको.”

रीतीबाहेरच्या गाऱ्हाण्याला साथ द्यावी की नाही, याचा लोकांचा बहुतेक विचार चालला असावा. मग ज्या बाईच्या विहिरीवर कोणी फिरकत नव्हतं ती एकटी म्हणाली, “होय म्हाराजा.” तिच्यामागून धोंडू म्हणाला, आणि मग हळूहळू बाकीचे.

माय-लेकी घरी आल्या. माई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. कावेरी खांबाला टेकून बसली होती. माई आता घराबाहेर काढील, मारील, निदान रडेल, असं तिला वाटत होतं. दुपार चढली. कावळे गप्प झाले. आणि माजघरातून हाक आली, “कावे.”

कावेरी हलली नाही. सूप थांबलं होतं. तिने वर पाहिलं, तर माई माजघराच्या दाराकडे बघत होती.

“रोज तुकाच हाक मारता,” माई म्हणाली. “माका वाटला, न्याय मागता. म्हणान नारळ ठेवलंय.”

ती पुन्हा तांदळाकडे वळली.

“जा, तेका पाणी नेऊन दी,” ती म्हणाली. “नुसता पाणी.”

कावेरी उठली, तांब्या भरला, आणि चटई उलगडून उशाशी ठेवला.