येतो म्हणणारे दोनशे सात

आधी सासूला राग आणायचा आणि राग ऐन भरात आला की तिच्या तोंडासमोर फोन धरायचा, ही कोणत्या माहेरची रीत, हे रुक्मिणीबाईला दीड वर्षात कळलं नव्हतं. प्रतीक्षा तशी कामाची सून. चिखलीकडची, बारावी झालेली, हाताला चलाख. पण पेटत्या गोवऱ्या काडीनं उगाच विस्कटायची आणि भोळं तोंड करून विचारायची, "आत्याबाई, हे असंच करतात ना?" झालं. रुक्मिणीबाईचं डोकं फिरायचं, हातातला चिमटा उगारला जायचा.

"तुह्या मायनं तुले राख चाटायले शिकवलं काय वं? हात काढ तिथून!"

एवढं तोंडातून गेलं की समोर फोनचा काळा डोळा. दिवस मावळेपर्यंत ते बोलणं हजारो लोकांनी ऐकलेलं असायचं.

"सारे हसून राह्यले, आत्याबाई. तुम्ही लय आवडता लोकाइले."

"मी आवडून काय करू? लोणचं घालू माहं? रोडगे आवडले पायजेत."

दुसरबीडच्या जुन्या रस्त्याला रुक्मिणीबाईच्या नवऱ्यानं, कडूबानं पत्र्याची शेड टाकली, त्याला बत्तीस वर्षं झाली होती. पाटीवर नाव 'कडूबा भोजनालय', पण लोक म्हणत रुक्मिणीबाईचे रोडगे. रोडगा काही भाकरीसारखा हातावर थापला आणि तव्यावर टाकला, असा होत नाही. जाडसर कणकेचा घट्ट गोळा, आत तेलाचा हात फिरवून पापुद्रे घातलेला; तो गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत घालायचा, राखेत पुरायचा, आणि दोन तास त्याच्याशी बोलायचं नाही. मग राख झटकून फोडायचा, त्यावर तूप, बाजूला वरण आणि वांग्याची भाजी. नागपूर-जालना जाणारे ट्रकवाले मेहकर यायच्या आधीच फोन करायचे, "मावशी, चार जनाचे टाका." ते पोचेपर्यंत रोडगे शिजलेले असायचे. धंदा असा, आधी सांगून येणाऱ्यांचा.

मग कोसावरून मोठा महामार्ग गेला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. जुन्या रस्त्यावर उरले ट्रॅक्टर, एसटी आणि गावचीच माणसं. कडूबा तोवर देवाघरी गेला होता. मुलगा गोविंदा पेट्रोल पंपावर कामाला लागला. एका खतवाल्यानं शेडची जागा गोदामासाठी मागितली. गोविंदानं आईला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला धजला नाही.

प्रतीक्षानं फोन हातात घेतला तो तेव्हापासून. तिनं फोनवरच तीन दिवसांचं कसलं शिक्षण घेतलं. व्हिडिओ बघणाऱ्याला गिऱ्हाईक कसं करायचं, त्याचं. वहीत लिहून घेतलं, सासूला वाचून दाखवलं.

"आत्याबाई, एक लाख चौदा हजार लोक तुमच्या मांगं हायेत."

"मांगं हायेत त पुढं काऊन येत नाहीत? दीड वर्षात किती आले?"

 आलेले बोटांवर मोजण्याइतके. शेडपुढं उभं राहून फोटो काढायचे, माठातलं पाणी प्यायचे, "आजी, एक शिवी द्या ना" म्हणायचे आणि निघायचे. उलट होते ते गेले. उकंडराव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, दर गुरुवारी जेवायला यायचे. एकदा त्यांनी तूप जास्तीचं मागितलं. रुक्मिणीबाई सवयीनं बोलली, "गुरुजी, आंघोळ करता काय तुपानं?" तीस वर्षं असंच बोलणं चालू होतं, गुरुजीही हसायचे. पण ते फोनात गेलं. चावडीवर पोरं "आंघोळीचे गुरुजी" म्हणू लागली. त्यानंतरच्या गुरुवारपासून त्यांचा पाट रिकामा.

"फोनवरचे लोक म्हणतात, आम्हाले कोणी बोलावलंच नाही, आत्याबाई," प्रतीक्षा म्हणाली. "लोकाइले नीट बोलवा लागते. दिवस ठरवा लागते. वहीत तसंच हाये."

हे मात्र रुक्मिणीबाईला पटलं. न बोलावता कोण येतं? खरंच तर, तिनं कधी बोलावलंच नव्हतं. नुसती खेकसत होती.

तिनं ठरवलं. येत्या आयतवारी रोडग्यांची पंगत. पंगत भरली तर शेड राहील. नाही भरली तर खतवाल्याला चावी. गोविंदाला समोर बसवून तिनं हे सांगितलं आणि वर म्हणाली, "मंग मले पुन्हा इचारू नको, अन् मी तुले रडून दाखवणार नाही."

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती फोनसमोर बसली. पहिल्यांदाच न रागावता बोलली. पदराचं भान ठेवून, लग्नाघरी बोलतात तसं.

"बाप्पाहो, आयतवारी दुसरबीडले या. तुमचं चूलबंद आवतन हाये. घरचं लहानमोठं सारं घेऊन या. त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटू देऊ नका. ताटाचे पैसे मी घेईन, धंदा हाये माहा. पण पोटभर वाढीन, अन् शिवी देणार नाही."

चूलबंद आवतन म्हणजे काय, हे या भागात लेकराला विचारा. घरातल्या एका माणसाला नाही, साऱ्या घराला बोलावणं. त्या घरातून त्या दिवशी धूर निघायचा नाही. आणि आवतनाला ज्यानं तोंडानं "येतो" म्हटलं, तो येतो. ताप आला तरी पोराच्या हाती डबा देऊन पाठवतो. कारण त्याच्या "येतो"वर दुसऱ्याच्या चुलीवर डाळ चढलेली असते.

रुक्मिणीबाईची माय आवतन द्यायला जायची तेव्हा कमरेच्या पिशवीत तुरीचे दाणे असायचे. ज्या घरी होकार, त्या घराचा एक दाणा. रुक्मिणीबाईनं पितळी वाटी घेतली. शाळा तिची दुसरीपर्यंत. अक्षरं लागायची, पण फोनवरची किडामुंगी वाचायला डोळे नव्हते. प्रतीक्षा वाचायची, ती दाणा टाकायची.

"'नक्की येणार आजी.'"

दाणा.

"'येतो आजी, चिमटा तयार ठेवा.'"

"चिमटा काऊन? शिवी नाही म्हटलं ना म्या. कुठचा हाये वं हा?"

प्रतीक्षानं फोनवर बोट फिरवलं. क्षणभर थांबली. "हाये इकडलाच."

दाणा.

तीन दिवसांत दोनशे सात दाणे झाले. रुक्मिणीबाई वाटी हलवून त्यांचा आवाज ऐकायची. कडूबा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही कोणी पाहिलं नव्हतं. प्रतीक्षानं पाहिलं.

"आई, गावात सांगू काय?" गोविंदानं विचारलं.

"गावाले कुठी बसवतं? लांबून घरटी एकच आला तरी दोनशे सात पानं बाहेरचीच हायेत. गावाले पुढच्या खेपी."

शेडपुढं मांडव पडला. शेजारच्या दोघी बायका मदतीला आल्या. आवतनाच्या वर दहा पानं धरायची रीत, म्हणून दोनशे सतराची कणीक मळली. माणशी दोन, असे चारशे चौतीस रोडगे. रविवारी तांबडं फुटताना रुक्मिणीबाईनं स्वतःच्या हातानं गोवऱ्यांचा आर पेटवला. प्रतीक्षानं त्या दिवशी काडी घालून तो विस्कटला नाही. दहा वाजता सारं तयार होतं. वांग्याच्या भाजीला तर्री आली होती. पाट मांडले, पत्रावळी मांडल्या, पाण्याचे तांबे ठेवले. रुक्मिणीबाई रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. हातात तुरीची वाटी. आलं एकेक घर की त्याचा दाणा काढायचा.

अकराला जालन्याची गाडी आली. चार जवान पोरं. उतरतानाच फोन वर.

"आजी! एक कडक शिवी, मित्रासाठी. त्याचं नाव शुभम."

"आधी बसा. जेवा."

"जेवण झालंय आजी आमचं, आत्ताच नाश्ता केला. एक ताट द्या, चौघात. व्हिडिओपुरतं."

एका ताटातला एक रोडगा त्यांनी फोडला, तुपाची धार तीनदा धरायला लावली, कारण पहिल्या दोन वेळा ती नीट दिसली नाही. दोन घास खाल्ले. निघताना एक जण तोंड पाडून म्हणाला, "आजी, तुम्ही आज रागावल्याच नाही. मजा नाही आली." उरलेलं ताट तसंच राहिलं. यांचे दाणे काढावे की नाही, हे रुक्मिणीबाईला ठरवता येईना. शेवटी तिनं काढले नाहीत.

बाराला लोणारचं सरोवर बघायला निघालेलं एक जोडपं थांबलं. पोटभर जेवलं, चार रोडगे बांधून घेतले. प्रतीक्षानं हरखून विचारलं, "आमचे व्हिडिओ पाहता ना तुम्ही?" बाई म्हणाली, "कसले व्हिडिओ? धूर दिसला म्हणून थांबलो."

एक वाजता हिवरा आश्रमाकडून मोटारसायकलवर एक पोरगा म्हाताऱ्या आईला घेऊन आला. "चूलबंद म्हणलं ना आजी तुम्ही. घरी आम्ही दोघंच, दोघंबी आलो." त्या माउलीनं तीन रोडगे खाल्ले आणि पत्रावळ कपाळाला लावली. रुक्मिणीबाईनं वाटीतून एक दाणा काढला आणि मुठीत घट्ट धरला.

दोन वाजले. रस्त्यावरून एसटी गेली, थांबली नाही. मदतीच्या बायका पदरानं वारा घेत बसल्या. वरणावर साय धरली. पत्रावळींतल्या पाच-सहा वाऱ्यानं उडून नालीत गेल्या, त्या उचलायला कोणी उठलं नाही.

तेवढ्यात उकंडराव आले. काठी टेकत मांडवाच्या कडेला उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही.

"रुक्माबाई, मांडव कशाचा? चावडीवर इचारलं, कोणालेच ठाव नाही."

"पंगत हाये, गुरुजी. दोनशे सात जनाइनं येतो म्हटलं."

गुरुजींनी रिकाम्या पाटांवरून नजर फिरवली.  रुक्मिणीबाई आत गेली, प्रतीक्षाच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यांच्यापुढं धरला.

"वाचा. आयतवाराच्या आवतनाखाली लोकाइनं काय लिहेल हाये ते वाचा. सारं वाचा."

"आत्याबाई..." प्रतीक्षा मागून म्हणाली.

"तू गप राय."

उकंडरावांनी चष्मा चढवला. वर्गात वाचायचे तसं स्पष्ट वाचू लागले. "'नक्की येणार आजी, पुढच्या वर्षी दुबईहून सुट्टीवर आलो की.' 'येतो आजी, चिमटा तयार ठेवा. सुरतहून प्रेम.' 'येणार येणार, हाहाहा.' 'आजी, येतो म्हणून समजा. कोल्हापूर.' 'येतो, पण शिवी फुकट पाहिजे.'" ते थांबले. "अजून वाचू?"

"राहू द्या."

"लोक असंच लिहितात, रुक्माबाई. ते लिहून मोकळे होतात."

"बसा गुरुजी, पान वाढते."

गुरुजींनी मान हलवली. "आवतन नाही मले. अन् सुनेनं घरी सकाळीच सैपाक केला." ते काठी टेकत परत गेले. रागानं नाही. त्यानंच जास्त लागलं.

गोविंदा पंपावरून आला. मांडव बघून हळूच म्हणाला, "आई, आता गावात सांगून येतो. घरोघर. येतील लोक."

"आता?" रुक्मिणीबाईचा आवाज खाली आला होता, खेकसण्याइतकाही उरला नव्हता. "तीन वाजता? ज्याच्या घरची चूल सकाळीच पेटली, त्याले मी कोणत्या तोंडानं चूलबंद सांगू? परके आले नाही म्हणून तुम्ही या, असं सांगू? उरल्याचं आवतन देतात काय, गोविंदा? बत्तीस वर्षं ज्या गावानं खाल्लं, त्याले म्या म्हटलं, पुढच्या खेपी." ती पाटावर बसली. "ढोराइले घाल. कोणाचे असतील त्याचे ढोरं बोलाव. त्याहीले आवतन लागत नाही."

गोविंदा टोपली उचलून गेला.

मग प्रतीक्षा जवळ आली. डोळे सुजलेले. खाली बसली, सासूच्या पायापाशी, आणि अडखळत म्हणाली, "आत्याबाई, एक करू. हे रिकामे पाट दाखवू. तुम्ही अशाच बसा, काही बोलू नका. असं पाहून लोकाइले लय वाईट वाटते. मंग खरंच येतात लोक, म्या पाहेल हाये दुसऱ्याइचं. शेड वाचंल."

तिच्या हातात फोन होता. वर धरलेला नव्हता, पण होता.

रुक्मिणीबाईनं सुनेकडं पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, शेड वाचेल. कदाचित वाचलीही असती. रुक्मिणीबाईनं पितळी वाटी तिच्या ओंजळीत ओतली. तुरीचे दाणे फोनवरून घरंगळत जमिनीवर पडले. मुठीतला एक मात्र तिनं टाकला नाही.

"प्रतीक्षा, ऐक," ती म्हणाली. "माहा राग तू लोकाइले फुकट वाटला. त्यानंच त्याहीचं पोट भरलं, रोडग्याले कोण येते मंग? त्याचं मले काही नाही, तोंड माहंच व्हतं. गावाले सोडून फोनाले आवतन दिलं, तेबी माहंच. पण म्या तुले इचारलं, चिमटावाला कुठचा हाये, अन् तू म्हणली, इकडलाच. मले बरं वाटावं म्हणून म्हणली, ठाव हाये मले. तेवढ्यासाठी मी तुले माफ करणार नाही. बाकी साऱ्यासाठी केलं. आता माहं रडणं नको दाखवू कोणाले, ते धंद्यातलं नाही. उद्या खतवाल्याकडं जाय अन् चावी देऊन ये. तूच जाय. माह्यानं देवल्या जाणार नाही."