माझ्या मापाचा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुने वायफाय कार्ड आहे. आकाराने अर्ध्या बिस्किटाएवढे. लॅपटॉपच्या पोटात बसायचे आणि हवेतून येणारे निरोप त्याच्यापर्यंत पोहोचवायचे, हे माझे काम.

पहिली चार वर्षे मी एका नकाशे काढणाऱ्या बाईंकडे होते. कौतुक व्हायचे ते स्क्रीनचे. नेट अडकले की मात्र सगळे माझ्या नावाने खडे फोडायचे! एकदा तो लॅपटॉप जिन्यावरून पडला आणि स्क्रीनचा चुरा झाला. दुरुस्तीच्या दुकानातल्या ताईने मला धडधाकट पाहून काढून घेतले, कागदात गुंडाळले आणि खणात ठेवले. तिथे तीन वर्षे गेली. नवी, वेगवान कार्डे येत आणि विकली जात. मला कुणी विचारीत नव्हते.

मग एका सकाळी एक बाई आपल्या वृद्ध वडिलांना आणि त्यांचा जुना लॅपटॉप घेऊन आल्या. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. शब्द मनात असत, पण तोंडातून निघत नसत. परगावच्या एक शिक्षिका त्यांना रोज लॅपटॉपवरून बोलायला शिकवीत. कार्ड जळाले आणि दहा दिवस शिकवणी बंद पडली. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर त्यांना शिक्षिकेचे ओठ नीट दिसत नव्हते.

"दोन कार्डं आणली," लेक म्हणाली. "पहिलं खाचेत बसेचना. दुसरं बसलं, तर लॅपटॉपच सुरू होईना. सगळ्यात नवं होतं हो!"

"नवं असेल, पण याच्या मापाचं नाही," ताई म्हणाली. "याची खाच जुनी आहे. शिवाय कंपनीनं ठरवलेलीच कार्डं हा चालवून घेतो. आधी जळलेल्या कार्डावरचा नंबर बघू."

तिने भिंग लावून नंबर वाचला आणि खण उघडला. माझ्यावरचा नंबर आकड्याला आकडा जुळला! तिने मला खाचेत बसवले, दोन बारीक वायरी जोडल्या, स्क्रू आवळला आणि बटण दाबले. लॅपटॉपने मला ओळखले. लेकीने लगेच शिक्षिकेला फोन लावला आणि थोड्याच वेळात त्या पडद्यावर आल्या.

"काका, दहा दिवसांनी भेटतोय. काहीतरी बोला ना!"

काकांचे ओठ हलले. "पु... पु..." लेक शब्द सुचवायला पुढे झाली, पण ताईने तिचा हात हलकेच धरला.

"पुढे... चला!" काका एकदम मोठ्याने म्हणाले.

लेक हसता हसता रडू लागली. "तीस वर्षं कंडक्टर होते. बसमध्ये दिवसभर हेच ओरडायचे!"

आता मी काकांच्या टेबलावर रोज कामाला असते. अजून ते चहाला चावी म्हणतात, पण स्वतःच हसून चूक सुधारतात.

मित्रांनो, नवा भाग आणण्याआधी आपला लॅपटॉप एकदा जाणकाराकडून उघडून घ्या, जुन्यावरचा नंबर वाचा. आणि आमच्यापैकी कुणी धडधाकट असेल, तर कचऱ्यात टाकू नका. आमच्या मापाची जागा कुठेतरी रिकामी असेल.