वारंग्याचा चहा

सासऱ्यांनी पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून काडेपेटीतली काडी काढली, तेव्हाच माझं डोकं तापलं. काडीनं वाल्व दाबला की फुस्स आवाज येतो. माझे सासरे, सोनाजीमामा, तो आवाज कान देऊन ऐकतात आणि समाधान झालं की उठतात. मे महिन्यात कनेरगाव नाक्यावरून लांब निघणाऱ्या कितीतरी गाड्या आधी आमच्या दारात येतात. मामांनी जन्मभर काळी-पिवळी जीप चालवली, त्यामुळं टायरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. "उन्हात हवा फुगती. आधीच काढून ठिवली की टायर फुटत न्हाई," असं ते प्रत्येकाला सांगतात.

हे साफ चूक आहे. हवा कमी असली की टायर बसतो, त्याची बाजू सारखी दबते, तापते आणि भर उन्हात फुटते. किती हवा हवी ते गाडीच्या दाराच्या आतल्या पट्टीवर छापलेलंच असतं. आमच्या गाडीला तेहतीस. मी हे भांडून सांगितलं असतं. भांडायला मी कधी मागं हटत नाही, माझा नवरा रत्नपाल त्याची साक्ष देईल. पण इथं माझी बोलती बंद होते, त्याला कारण जळबाकाका.

जळबाकाका म्हणजे मामांचा धाकटा भाऊ. अशाच एका मे महिन्यात ते मामांची जीप घेऊन वाशीमकडं निघाले. वाटेत टायर फुटला, जीप उलटली आणि काका जागीच गेले. त्यांची दिपा तेव्हा पाळण्यात होती. मामांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ती गोष्ट सांगताना मामा शेवटी न चुकता म्हणतात, "सकाळी मीच हवा काढून दिली व्हती, पण कमी काढली. अजून काढली असती तर जळबा वाचला असता."

आता या माणसाला खरं कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून मी गुपचूप वागायचे. नाक्यावर आणि हिंगोलीत मामांना ओळखणारे ढीगभर, तिथं हवा भरली की संध्याकाळी घरी बातमी. त्यामुळं नांदेडला जायचं असलं की हळू चालवत थेट वाटेवरचा वारंगा फाटा गाठायचा आणि कोंडीबाच्या पंक्चरच्या दुकानात चारही चाकं भरून घ्यायची. थांबायला निमित्तही तयार असायचं. काकू, म्हणजे जळबाकाकांच्या पद्माबाई, निघताना दर वेळी बजावायच्या, "वारंग्याला थांबून चहा पी गं आकांक्षा. घाई करू नको."

आज मात्र घाई होती. दिपाची तलाठी भरतीची परीक्षा होती, केंद्र नांदेडला, आणि दोनला दार बंद होणार होतं. मागच्या खेपेला थोडक्या गुणांनी हुकली होती पोरगी. पुढची भरती कधी निघेल याचा भरवसा नाही. आणि मामा हटून बसले होते की तेही येणार. "जळबाची लेक परीक्षेला चालली अन् मी घरी बसू?" वडिलांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून दिपा मागं बसली, मामा माझ्या शेजारी. डिकीत नांदेडच्या आत्यासाठी हळदीचं पोतं टाकलेलं. काकू खिडकीशी आल्या आणि आजही तेच म्हणाल्या.

"आज कुठला चहा?" मामा खेकसले. "गेट बंद हुईल."

हिंगोलीपर्यंत गाडी बरी चालली. कळमनुरी सोडली आणि स्टेअरिंग जड झालं. गाडी डावीकडं ओढायला लागली. मी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि वेग कमी केला.

"काहून हळू चालवून राहिली?" मामा घड्याळ बघत म्हणाले.

"रस्ता खराब हाय, मामा."

रस्ता आरशासारखा गुळगुळीत होता. मामांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. आखाडा बाळापूर मागं पडलं तेव्हा रबराचा वास यायला लागला. मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता. माझ्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, उलटलेली जीप. मला मामांचा इतका राग आला की वाटलं, इथंच गाडी उभी करावी आणि सगळं सांगून टाकावं. मग त्यांच्या मांडीवर दिपाच्या पाण्याची बाटली दिसली. ती गार राहावी म्हणून ते ओला रुमाल गुंडाळून धरून बसले होते. मी स्टेअरिंग आणखी घट्ट धरलं.

फाटा दिसला. "थांबू नको, सरळ चल," मामा म्हणाले.

"मला बाथरूमला जायचंय," मागून दिपा म्हणाली.

तिचे उपकार कसे फेडू असं झालं मला. गाडी नेमकी कोंडीबाच्या दुकानापुढं लावली. पण दिपा उतरून कुठं गेलीच नाही, गाडीपाशीच उभी राहिली. कोंडीबा हवेचा पाइप ओढत आला आणि नको तेच बोलला, "नेहमीसारखी तेहतीस का, ताई?"

मामांची मान वळली. "नेहमीसारखी?"

मी काही बोलायच्या आत कोंडीबा डाव्या चाकापाशी वाकला आणि शिवी हासडून मागं सरला. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. "बाई, ह्यो आता फुटला असता! हवा हायेच कुठं ह्याच्यात? लोक उन्हाळ्यात हवा काढत्यात अन् जीवाला मुकत्यात."

मामा त्या फुगवट्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आकांक्षा, खरं हाय का हे?"

खोटं बोलायची मला किती इच्छा झाली! पण दिपा शेजारी उभी होती, आणि त्या टायरवर ती इथवर आली होती. मी म्हणाले, "व्हय, मामा. कमी हवेनंच फुटतो."

कोंडीबानं घाईघाईनं पोतं उतरवून स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नव्हती. डिकी तापते म्हणून मामांनी तीही सकाळीच मोकळी केली होती. एरवी मी खोखो हसले असते. कोंडीबानं तिच्यात हवा भरली, चाक बदललं, बाकीची तिन्ही भरली. मामा दाराची पट्टी बोटानं चाचपडत वाचत होते. घड्याळाकडं बघायची हिंमत मला होत नव्हती.

तिथून पुढं गाडी सरळ पळाली. अर्धापूर मागं पडलं. नांदेड दिसायला लागल्यावर मामा पुढच्या काचेकडं बघतच म्हणाले, "मंग मीच मारला जळबाला."

मला गाडी चालवणं कठीण झालं. आरशात बघितलं तर दिपाचे डोळे भरलेले होते. केंद्रापुढं पोचलो तेव्हा शिपाई दार लोटायला लागला होता. "पळ दिपा!" मी ओरडले.

ती उतरली आणि दाराकडं न जाता मामांच्या खिडकीशी आली. मामांनी तोंड फिरवलं.

"मोठेबाबा, इकडं बघा. आईला ठावं हाय. तव्हाच गॅरेजवाल्यानं सांगितलं व्हतं तिला."

"पद्माबाईला?" मामा तिच्याकडं वळले.

"व्हय. अन् तिनं मला सांगितलं. ती म्हणती, भावाच्या काळजीनंच काढली ना हवा त्यांनी, मंग त्यांना कशाला सांगायचं? वारंग्याला चहा पी, चहा पी म्हणून वहिनीच्या मागं काहून लागती ती? कोंडीबाच्या दुकानाशेजारी चहाचं हॉटेल हाय म्हणून."

शिपाई ओरडला. दिपानं मामांच्या मांडीवरची बाटली उचलली, दुसऱ्या हातानं त्यांचा हात दाबला आणि धावत सुटली. तिच्या पाठोपाठ दार बंद झालं. ती आत होती.

मामा बराच वेळ ओला रुमाल पिळत बसले. मग म्हणाले, "फोन लाव घरी."

मी लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पोचली का लेकरू? अन् वारंग्याला चहा पेलात ना?"

मामांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"पेलो, पद्माबाई," ते म्हणाले, आणि हमसून रडायला लागले.