सातुर्निनाचे सहा सेकंद

एदिल्सोन चुरा माझ्या दुकानात पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं आधी भिंतीवरचे फोटो बघितले आणि मग नाक मुरडलं. फोटो लग्नांचे आणि गावोगावच्या संतांच्या जत्रांचे. पेरूतल्या हुलियाका शहराच्या बाजारात, मोबाइल दुरुस्तीवाल्यांच्या वरच्या मजल्यावर, वीस वर्षं मी हेच करते. तीन दिवस नाच शूट करायचा आणि सहा तासांचा व्हिडिओ करून द्यायचा.

"सेन्योरा नेली, तुम्ही एडिटिंग करता, की सगळं नुसतं एकापुढे एक चिकटवता?" त्यानं विचारलं.

"गिऱ्हाईक बघून ठरवते," मी म्हटलं.

त्याला हसू आलं नाही. लीमाला दोन वर्षं सिनेमाचा कोर्स करून आलेला माणूस. तिथून त्यानं एक मफलर आणली होती आणि हसणं तिथेच सोडून आला होता. हातातली हार्ड डिस्क त्यानं टेबलावर अशी ठेवली, जशी काही संताची अस्थीच.

सिनेमाचं नाव तो दर आठवड्याला बदलायचा, पण गोष्ट एकच होती. एक माणूस शहरातून गावी परत येतो आणि सरोवराकडे बघतो. दीड तास. माणसाचं काम स्वतः एदिल्सोनचंच. दुसऱ्या कुणाला एवढा वेळ बघत बसायला सवड नसावी.

खिशात दमडी नव्हती, म्हणून सिनेमा त्यानं आमच्याकडे लग्न करतात तसा केला. आमच्याकडे लग्नात केकला एक पाद्रिनो असतो, बँडला एक, बिअरला एक. ज्यानं जे दिलं, त्याचा तो पाद्रिनो. बाई असेल तर माद्रिना. एदिल्सोननं आपल्या चाकाविरी गावात सभा घेतली आणि एकेकाच्या गळ्यात एकेक वस्तू घातली. कॅमेऱ्याचा पाद्रिनो चुलतभाऊ, गाडीचा पाद्रिनो मिनीबसवाला, जनरेटरचा पाद्रिनो शाळेचा मास्तर. आणि जेवणाची माद्रिना सातुर्निना यानापा, सहासष्ट वर्षांची विधवा, सगळे तिला मानानं दोन्या म्हणतात. अकरा दिवस अठरा माणसांना तिनं दोन्ही वेळ चाइरो रांधून घातलं, सुकवलेल्या काळ्या बटाट्याचं आणि मटणाचं सूप. मेंढ्या तिच्या स्वतःच्या. पाच गेल्या.

या देण्याला आमच्याकडे एकच परतफेड आहे. ज्यानं दिलं तो दिसला पाहिजे. माझ्या जत्रेच्या व्हिडिओत बिअरची दोन खोकी देणारा माणूस दोन खोक्यांसकट दिसतो, आणि म्हणूनच व्हिडिओ सहा तासांचा होतो. मला त्याचा कंटाळा येतो हे कबूल करते. पण माणूस कापला म्हणजे त्याला भर जेवणावळीतून उठवल्यासारखं आहे, हे मला कळतं. एदिल्सोनलाही कळत होतं. भर सभेत, धरणीमातेच्या साक्षीनं जमिनीवर बिअर शिंपडून त्यानं शब्द दिला होता की सगळे सिनेमात दिसतील. सातुर्निनानं तो शब्द आरेकिपा शहरातल्या आपल्या बहिणीला फोन करून कळवला होता.

मी डिस्क उघडली. देवा रे देवा. माइकला वारा अडवायची टोपीसुद्धा घातलेली नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी पत्रा ओढत नेतंय असा आवाज. पोंचो एका शॉटमध्ये डाव्या खांद्यावर, पुढच्यात उजव्या. चेहरा सोडून कॅमेऱ्याचा फोकस मागच्या गाढवावर. आणि मग ती सुप्रसिद्ध नजर. सरोवराकाठी एदिल्सोन उभा, चार मिनिटं, चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. डोळे बारीक झालेले, कारण ऊन डोळ्यांत जात होतं.

"हा शॉट म्हणजे सिनेमाचा आत्मा," तो म्हणाला. "याला हात लावायचा नाही."

"आत्मा चार मिनिटांचा असतो का रे?"

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही नाचणाऱ्यांची पावलं मोजणाऱ्या."

मग त्यानं यादी काढली. मिनीबसवाला काढा, मास्तर काढा, चुलतभाऊ काढा. "सगळे कॅमेऱ्यात बघतायत. हौशी लोक. हा सिनेमा आहे, जत्रा नाही. आणि ती भांडंवाली म्हातारी, तीसुद्धा. नावं देऊ ना शेवटी."

"सातुर्निनाला वाचता येत नाही."

"मग कुणीतरी वाचून दाखवेल," असं म्हणून तो मफलर सावरत निघून गेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याच्याकडे तर बैलही गावाचाच होता.

ती म्हातारी म्हणजे एकच शॉट होता. सातव्या दिवशीचा. एदिल्सोन कॅमेऱ्यामागे रिकामी टेकडी शूट करत असताना सातुर्निना दोन्ही हातांत भलंमोठं भांडं घेऊन चढ चढून आली. समोर कॅमेरा बघून ती थांबली. भांड्यातून वाफ निघत होती. कुठे ठेवू, असं विचारत तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. सहा सेकंद. आणि कॅमेऱ्यामागून एदिल्सोनचा आवाज, "ए म्हातारे, बाजूला हो! दिसत नाही का? कुठून येतात ही माणसं!" मग ती बाजूला झाली.

आता थोडं धंद्यातलं सांगते. चेहरा रिकामा असला की पुढचा शॉट त्यात उतरतो. नवरीच्या बापाचा मख्ख चेहरा दाखवा आणि लगेच नवरी दाखवा, बाप रडवेला दिसतो. त्याच चेहऱ्यानंतर बिअरची खोकी दाखवा, तोच बाप हावरट दिसतो. बापाला काही करावं लागत नाही. हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलेलं नाही, चारशे लग्नांनी शिकवलंय.

मिनीबसवाला, मास्तर आणि चुलतभाऊ यांना मी इकडेतिकडे गर्दीत ठेवून दिलं. मग एदिल्सोनचा आत्मा चार मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आणला. मधोमध सातुर्निना ठेवली. तो बघतो, ती भांडं घेऊन थांबते आणि बघते, तो परत बघतो. त्याचं ओरडणं पुसून टाकलं आणि त्या जागी वारा घातला. वाऱ्याला तोटा नव्हताच. पुन्हा चालवून बघितलं. तो ठोंब्या कृतज्ञ दिसत होता. आईच्या हातचं आठवून आतून तुटलेला माणूस दिसत होता.

सातुर्निनासाठी केलं, असं म्हणायला मला आवडेल. पण अर्ध्याहून जास्त मी ते माझ्यासाठी केलं. जत्रेवाली बाई सहा सेकंदांत काय करते, ते त्याला दाखवायचं होतं.

त्यानं बघितलं आणि विचारलं, "हे भांडं कुठून आलं?"

"तुझ्याच डिस्कमधून."

तो विचारात पडला, मग मान डोलावली. "रिकामं भांडं. म्हणजे आतलं रिकामेपण. मी हेच म्हणत होतो, सेन्योरा. राहू द्या."

अठरा माणसांचं चाइरो होतं त्यात, वाफाळतं. मी कॉपी काढून त्याच्या हातात दिली. तो सिनेमा त्यानं त्याच दिवशी चिलीतल्या एका महोत्सवाला पाठवून दिला.

पुढच्या रविवारी दुपारी चाकाविरीच्या शाळेत खिडक्यांना घोंगड्या लावून खेळ झाला. सातुर्निना पहिल्या रांगेत, नवी हॅट, नवा घेरदार घागरा, शेजारी आरेकिपाहून आलेली बहीण. तासभर लोक खोकत होते, शेंगा सोलत होते. मग ती जागा आली आणि सगळं चिडीचूप झालं. मागे कुणीतरी नाक ओढलं. बहीण सातुर्निनाला कोपरानं ढोसत म्हणाली, "तू! अगं, तू!" भिंतीला टेकलेला एदिल्सोन हात छातीशी घेऊन उभा होता, त्याला वाटलं, हे त्याच्या अभिनयामुळे चाललंय. मला मनातल्या मनात अशा उकळ्या फुटत होत्या की विचारू नका. सातुर्निना तेवढी जागची हलली नाही.

मंगळवारी ती माझ्या दुकानात आली. दोन तास मिनीबसनं, मांडीवर फडक्यात बांधलेला सुपाचा डबा घेऊन. मी खुर्ची पुसून दिली. आभाराला काय उत्तर द्यायचं ते मी तयारच ठेवलं होतं.

"पोरी," ती म्हणाली, "ते तू केलंस ना? त्याला नाही जमायचं ते."

"हो, दोन्या सातुर्निना. मीच केलं."

"मग ते खोटं का केलंस?"

"कुठलं खोटं?" मी विचारलं.

"तो माझ्याकडे बघतो असं दाखवलंस," ती म्हणाली. "तो कधी बघत होता माझ्याकडे? वाडगा पुढे केला की वाडगा घ्यायचा. संपला की खाली ठेवून उठायचा. माझी बहीण काल दिवसभर रडत होती, किती गुणाचा पोरगा म्हणून. लोक मला रस्त्यात थांबवून सांगतायत, नशीबवान आहेस. मी काय बोलू?"

"पण तुम्ही छान दिसता त्यात. सगळे तुमच्यामुळेच रडले."

"मी छानच दिसते. ते नाही म्हणत मी." तिनं डबा टेबलावर ठेवला. "तिथे तो माझ्यावर ओरडला होता. ते कुठे गेलं?"

"ते... पुसलं."

"तुला कुणी सांगितलं पुसायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं की सिनेमात असं करावंच लागतं, आवाज खराब होता, लोकांना आवडलं नसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. एदिल्सोनला आठ महिने नावं ठेवणारी मी, अगदी त्याच्यासारखी बोलत होते, फक्त मफलर नव्हती.

"ते परत घाल," सातुर्निना म्हणाली. "नाहीतर मला काढून टाक. दोन्हीतलं काहीही कर. पण मी तिथे उभी असेन, तर तो ओरडला पाहिजे."

गुरुवारी एदिल्सोन जिना चढतानाच आरडाओरडा करत आला. महोत्सवानं सिनेमा घेतला होता. पत्रात लिहिलं होतं की नायकाची ती एक नजर विसरता येत नाही. त्यानं मला मिठी मारली, मग आपण कुणाला मिठी मारतोय ते लक्षात येऊन सोडली.

"शेवटची कॉपी उद्यापर्यंत पाठवा," तो म्हणाला. "मी बघत बसत नाही, ते तांत्रिक काम. मला जॅकेट घ्यायचंय."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. वीस वर्षांत मी केलेली एकच गोष्ट अशी होती, जी कुठल्या पाद्रिनोसाठी नव्हती. सहा सेकंद. ते आता परदेशातल्या मोठ्या पडद्यावर जाणार होते. शेवटी येणाऱ्या नावांत माझं नाव सगळ्यात खाली का होईना, होतं. ओरडणं परत घातलं तर ती नजर मेली, हे मला चालवून न बघताही कळत होतं. सातुर्निनाला काढलं तर तिच्या पाच मेंढ्यांच्या बदल्यात उरली काय, तर तिला वाचता न येणारी एक ओळ. आणि काहीच केलं नाही, तर कुणाला कळणार होतं? ती काही चिलीला जाणार नव्हती.

शेवटी मी वारा काढला आणि ओरडणं घातलं.

तो बघतो. ती भांडं घेऊन थांबते. "ए म्हातारे, बाजूला हो! दिसत नाही का? कुठून येतात ही माणसं!" ती बाजूला होते. तो परत बघतो. तोच मख्ख चेहरा, तेच उन्हानं बारीक झालेले डोळे. आता तो गुणी दिसत नव्हता. ओरडून विसरून गेलेला माणूस दिसत होता.   मी कॉपी पाठवून दिली आणि वाटेल ते होवो म्हणून घरी गेले.

तीन आठवड्यांनी, सोमवारच्या बाजाराला लोकर विकायला आलेली सातुर्निना माझ्या दुकानात बसली होती. तिनं आणलेलं चाइरो आम्ही दोघी खात होतो. फोन वाजला. माझे हात तुपकट, म्हणून स्पीकर लावला.

"सेन्योरा, हे काय करून ठेवलंत?" एदिल्सोन चिलीहून किंचाळत होता. "सिनेमात कुणीतरी ओरडतंय! त्या भांड्याच्या शॉटवर! भरलेल्या हॉलमध्ये!"

"लोक काय म्हणाले?"

"सगळे एकदम गप्प! मग एका बाईनं उठून विचारलं, हा रानटी माणूस कोण. मी काय सांगणार? म्हटलं, असेल गावातला कुणीतरी. आमच्या खेड्यातले पुरुष बायकांशी असंच बोलतात. टाळ्या पडल्या, नशीब माझं."

मी सातुर्निनाकडे बघितलं. ती बटाटा चावत होती.

"तुला आवाज ओळखू आला नाही?" मी विचारलं.

"मी कसा ओळखणार? असेल तो मिनीबसवाला, नाहीतर मास्तर. शोधून काढा कोण गाढव आहे ते, आणि कापा त्याला. पुढच्या महिन्यात अजून एक महोत्सव आहे."

मी तोंड उघडलं. वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला दिलं नसेल असं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण सातुर्निनानं आपला वाडगा खाली ठेवला आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"कापू नकोस गं पोरी," ती हळू आवाजात म्हणाली. "अकरा दिवसांत तो माझ्याशी तेवढंच बोललाय."