सुरतेच्या पोरी

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली आणि शेलार गावाला एकदम आठवलं, की बायजाबाईच्या घरातल्या दोन्ही बहिणी मूळच्या सुरतेच्या. आईबाप गेल्यावर बालकल्याण मंडळानं त्यांना वर्षापूर्वी बायजाबाईकडे सांभाळायला दिलं होतं. मंडळाच्या वतीनं त्यांची विचारपूस करायला भिवंडीतली शिक्षिका मंदा कांबळे यायची, बिनपगारी, स्वतःहून.

त्या दिवशी ती आली तेव्हा अंगणात गाव जमलं होतं.

"बाई, पोरींना आजच्या आज परत न्या," दत्तू पाटील म्हणाला. "गावात रोग नको."

"वर्षभरात त्या सुरतेला गेल्यात का? डॉक्टरांनी कालच तपासलंय. ठणठणीत आहेत."

"डॉक्टरला बोलाया काय जातंय! तो काय आमच्या शेजारी ऱ्हातो?"

प्लेगला मंदाही घाबरत होतीच. पण धाकटीनं तिचा हात घट्ट धरला होता.

"तो नाही, पण मी राहते," ती म्हणाली. "साथ संपेपर्यंत याच घरात. पोरींच्या ताटात जेवेन. रोग असेल तर पहिली मी मरेन. आणि त्यांना न्यायचं, तर आधी मला उचलून बाहेर टाका."

कुणी पुढे आलं नाही. बायजाबाई कडाडली, "ऐकलंत ना? पोरी माझ्या हायेत. कुठं जायच्या न्हाय!"

मंदा खरंच राहिली. रोज सकाळी दोघींना घेऊन ती मुद्दाम पाटलाच्या दारावरून विहिरीवर जायची. सुरुवातीला बायका घागरी उचलून बाजूला होत. साथ ओसरली, तेव्हा पाटलाचीच सून तिथं थोरलीच्या वेण्या घालत बसली होती.